साताऱ्यातला एक रेमेडियल वर्ग: चौदा महिने नातीला घेऊन जाणाऱ्या आजीचा अभिप्राय

पोवई नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत हा रेमेडियल वर्ग भरतो, म्हणजे हुशार असूनही वाचायला-लिहायला अडणाऱ्या मुलांना वेगळ्या रीतीने शिकवणारा वर्ग. दारावर पाटी नाही. वर्ग चालवणाऱ्या ताईंनी ती मुद्दाम लावलेली नाही, कारण पाटी आली की शेजारीपाजारी वाचणार आणि मग "तुझी पोर कसल्या क्लासला जाते गं" हे सुरू होणार. त्यांनी मला नाव न लिहिण्याची विनंती केली आहे, ती मी पाळते. पण अशा वर्गाकडून काय अपेक्षा ठेवायची, पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे नाही, हे आईबापांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी रोकडा हिशोब. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, एका वेळी एकच मूल. एका वेळचे ३५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास. आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही. मुलाचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, सून शिवण करते, माझी पेन्शन आहे. तिघांनी वाटून घेतली म्हणून जमलं.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. जावळी आणि कोरेगाव तालुक्यांत, बहुतेक वर्षं पहिली-दुसरी. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं, श्रुतलेखन, उजळणी हेच माझं आयुष्य. त्यामुळे या वर्गात मी पहिल्या दिवशी गेले ती परीक्षकासारखी गेले. वाचायला शिकवण्यात माझ्यापेक्षा वेगळं काय करणार आहेत, हाच प्रश्न मनात होता.

मनू, माझी नात, तेव्हा तिसरीत होती. बोलायला चुणचुणीत. गणपतीच्या दहा दिवसांत सगळ्या आरत्या पुस्तक न उघडता म्हणते, गावाकडची गोष्ट सांगायला लागली की मोठी माणसं ऐकत बसतात. मराठीचं पुस्तकही घडाघडा वाचायची, म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. एके दिवशी मी सहज चित्रावर हात ठेवला आणि ती गप्प झाली. पान उलटून मधलीच ओळ दाखवली, तर पहिल्या अक्षरावरून अंदाजाने काहीतरी म्हणाली. अख्खं पुस्तक तिने वर्गात ऐकून पाठ केलं होतं. वाचता येत नाही हे लपवण्यासाठी सात-आठ वर्षांच्या पोरीने केवढी मेहनत घेतली असेल, त्या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

मधले पाच महिने आम्ही वाया घालवले. डोळे तपासले, नंबर नव्हता. कुणी सांगितलं म्हणून पानावर ठेवायची रंगीत पारदर्शक पट्टी ऑनलाइन मागवली. मनूला पिवळा रंग आवडला, वाचन होतं तिथेच राहिलं. नंतर कळलं की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेत्रतज्ज्ञांबरोबर २००९ मध्येच स्पष्ट म्हटलं आहे, रंगीत भिंगं किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी ही अडचण दूर होते याला पुरावा नाही. ही अडचण डोळ्यांची नाहीच. एका ओळखीच्या बाईंनी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या 'मिडब्रेन'वाल्यांचं पत्रक आणून दिलं. सातारा हे डॉ. दाभोलकरांचं गाव, अंनिसचं काम मी जवळून पाहिलेलं, त्यामुळे ते पत्रक मी तिथेच परत केलं. तुमच्या हातात असलं पत्रक आलं तर तुम्हीही परत करा. त्यात पैसे तर जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे मूल फसवायला शिकतं.

ताईंचं पहिलं काम मला आवडलं ते असं: त्यांनी नाव घालूनच घेतलं नाही. "आधी तपासणी करून या, मी निदान करत नाही," म्हणाल्या. मग स्वारगेटपर्यंत एसटी, तिथून रिक्षा, अशा पुण्याच्या तीन फेऱ्या झाल्या. बालरोगतज्ज्ञांनी ऐकणं आणि दिसणं ठीक असल्याची खात्री केली, मानसशास्त्रज्ञांनी बुद्ध्यांक पाहिला आणि त्यानंतर वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या. मराठी माध्यमाच्या मुलाची परीक्षा मराठीतूनच व्हायला हवी, हे तिथे आग्रहाने विचारा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी-संच २०१५ मध्ये आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. इंग्रजी शब्दांवरून मराठी शाळेतल्या पोरीचं वाचन मोजणं म्हणजे तिला न शिकवलेल्या धड्याचा पेपर देणं.

अहवालात लिहिलं होतं: बुद्धी वयानुसार, वाचन आणि लेखन दोन इयत्ता मागे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (लोक ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात ते यातच येतं). सूनबाई तो कागद हातात धरून रडली. मी मात्र 'बुद्धी वयानुसार' हे दोन शब्द तीनदा वाचले. मी इतकी वर्षं ज्या मुलांना मनातल्या मनात 'जड' म्हणत आले, त्यांच्यापैकी कितीजणांच्या कागदावर हे दोन शब्द आले असते?

आता वर्गाबद्दल. पहिले तीन आठवडे ताईंनी मनूला एकही अक्षर वाचायला दिलं नाही. नुसत्या टाळ्या. "घर" म्हटलं की एक टाळी. "कमळ" म्हटलं की किती? मी मागच्या खुर्चीवरून मनात तीन म्हटलं. मनूने दोन वाजवल्या: क-मळ. ताई म्हणाल्या, बरोबर. आणि मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. आपण लिहितो तीन अक्षरं, बोलतो दोन तुकडे. शेवटच्या ळ मधला अ आपण उच्चारतच नाही. मी एकतीस वर्षं मुलांना बोट ठेवून "क… म… ळ…" असं सुटं वाचायला लावलं, प्रत्येक अक्षर लांबवून. असं वाचलं की कानावर येतं "कऽमऽळऽ", आणि तो शब्द मराठीत नाहीच. बहुतेक मुलं तो सांधा आपोआप जुळवतात, कुणी न शिकवता. मनूसारख्या मुलांना तो जुळवून दाखवावा लागतो. त्यांची गाठ बसलेली असते आवाजाचे तुकडे पाडण्यात आणि जोडण्यात. डोळे आणि हुशारी दोन्ही शाबूत असतात.

म्हणून ताईंचा सगळा भर आवाजावर. शब्दातला पहिला आवाज काढ. "सरपण" मधलं "सर" उचलून ठेव, काय उरलं? "पण". "ताट" मधला त काढून प घाल. हे खेळासारखं दिसतं, पण मनूला घाम फुटायचा, खरोखर. पाऊण तासानंतर ती बाहेर येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. वर्ग पाऊण तासाचाच का, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

अक्षरं आली तीही आपल्या वर्णमालेच्या क्रमाने नाही. ताईंनी क्रम स्वतः बसवला आहे. दिसायला जवळची अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवतात. घ शिकवल्यावर ध दोन महिन्यांनी. म पक्का झाल्याशिवाय भ नाही. परातीत रवा पसरायचा, त्यात दोन बोटांनी अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, म्हणजे डोळा, कान, हात तिन्ही एका वेळी. ही रीत मुळात अमेरिकेतली. सॅम्युएल ऑर्टन नावाचे मज्जातज्ज्ञ आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका, यांनी १९३० च्या दशकात ती इंग्रजीसाठी उभी केली. ताईंनी तिचं प्रशिक्षण इंग्रजीतूनच घेतलं, आणि नंतरची बारा वर्षं ती मराठीला बसवण्यात घालवली. या वर्गाचं खरं मोल मला इथे वाटतं. इंग्रजी मुलांना जे अडतं ते आणि आपल्या मुलांना जे अडतं ते एक नाही.

उदाहरण देते. "कविता" हा शब्द मनू "किवता" वाचायची. मी घरी दहा वेळा दुरुस्त केलं, अकराव्यांदाही "किवता". ताईंनी एका नजरेत सांगितलं: पहिली वेलांटी आपण व च्या नंतर उच्चारतो, पण छापताना ती व च्या आधी येते, म्हणजे क आणि व च्या मध्ये. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल ती वेलांटी क ला चिकटवणारच. चूक होती, पण त्या चुकीला कारण होतं. त्यांनी काय केलं, वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच हिरव्या रंगात लिहिलं आणि वेलांटीच्या टोकापासून अक्षरावर बाण काढला. महिनाभर सगळ्या पहिल्या वेलांट्या हिरव्या. मग बाण गेला, मग रंग गेला. "कविता" सुधारली, त्याबरोबर "सविता", "गणित", "माहिती" सगळे सुधारले.

त्यानंतर र. आपल्या र ची किती रूपं आहेत हे शिकवताना मी कधी मोजलंच नव्हतं. "क्रम" मध्ये तो क च्या पोटात, "कर्म" मध्ये म च्या डोक्यावर, "राष्ट्र" मध्ये ट च्या खाली, "सुऱ्या" मध्ये आडवा. त्यात रफार तर उच्चारायचा आधी आणि लिहायचा पुढच्या अक्षरावर. क्रम आणि कर्म या एका जोडीवर ताईंनी सहा तास दिले. सहा! मी शाळेत जोडाक्षरांचा अख्खा धडा दोन तासांत उरकत असे, कारण अभ्यासक्रम पुढे पळत असायचा.

इथे एक गोष्ट लिहायला हवी. माझा मुलगा, मनूचा बाप, माझ्याच शाळेत शिकला. तो "पुस्तक" हा शब्द "पुसत्क" लिहायचा. मी त्याला तो पन्नास वेळा लिहायला लावला, दोनदा. पन्नासच्या पन्नास वेळा त्याने तो बघून बरोबर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी श्रुतलेखनात पुन्हा "पुसत्क". मी त्याला आळशी म्हटलं, वर्गासमोर म्हटलं. स ला स्वर नाही, तो अर्धा आहे, हे त्याच्या कानाला कधी वेगळं करून दिलं नाही, आणि नुसत्या गिरवण्याने ते कळत नाही. ही अडचण घराण्यातून चालत येऊ शकते, म्हणून ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला?" आम्ही नाही म्हणालो होतो. पुढे एका संध्याकाळी मुलगा मनूला न्यायला आला, दहा मिनिटं मागे बसला, आणि घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरातली परात काढली, रवा पसरला आणि बोटाने "स्त" काढत बसला. तो व्हॉट्सॲपवर कधी लिहीत नाही, नेहमी आवाजी निरोप पाठवतो. मी ते कंटाळ्यावर घालत होते. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "आई, जाऊ दे, पोरीचं बघू."

गणितात मनूची अडचण कमी होती, पण छत्तीस सांगितलं की ६३ लिहायची. ताईंनी तिला आधी "तीस सहा" असं म्हणायला शिकवलं, मग "छत्तीस". २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आलं, तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला होता ते आठवत असेल. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या आणि त्या शांतपणे समजावत होत्या की लिहितो एका क्रमाने आणि बोलतो उलट्या क्रमाने, लहान मुलं तिथे अडखळतात. मी विरोधात होते, आमच्या शिक्षकांच्या गटात बरंच बोलले होते. आता समोर बसून पाहिलं, त्यांचं म्हणणं खरं होतं.

ताईंकडे लाल पेन नाही. एक लांब वही आहे, पानाचे दोन भाग केलेले: डावीकडे काय छापलं होतं, उजवीकडे मुलाने काय वाचलं. शेरा नाही, फुली नाही. महिन्याच्या शेवटी त्या वहीवरून चुकांचे गट पाडतात आणि पुढच्या महिन्याचं काम त्यातून ठरतं. कोणत्याही वर्गाला जा, ही वही मागा. "छान प्रगती आहे" हे ऐकून घरी येऊ नका. आमच्या वहीप्रमाणे पहिल्या महिन्यात मनूने ६० शब्दांपैकी १९ बरोबर वाचले, या जुलैमध्ये ५२. शंभर शब्दांचा उतारा वाचायला अकरा मिनिटं लागायची, आता चार लागतात. तिच्या वर्गातली मुलं तोच उतारा दीड मिनिटात वाचतात. हे मी मुद्दाम लिहिते. चौदा महिन्यांनीही मनू सावकाश वाचते आणि ताईंनी स्पष्ट सांगितलं आहे की ती कदाचित नेहमीच सावकाश वाचेल. पण ती वाचते. चित्रावर हात ठेवला तरी वाचते.

आता जिथे गुण कापते ते. डिसेंबरमध्ये ताई तीन आठवडे रजेवर होत्या आणि शिकाऊ मुलीने वर्ग घेतला. ती प्रेमळ होती, पण छापील कागद भरून घ्यायची. त्या तीन आठवड्यांत मनू मागे सरकली, वहीतही ते दिसतं. फी मात्र तेवढीच घेतली. हे मला पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. दुसरं, वर्गाचा शाळेशी काही संबंध नाही. मनूच्या वर्गशिक्षिकेला ताई काय करताहेत हे माहीत नाही, त्या अजून "रोज एक पान शुद्धलेखन" देतात. ताईंनी शाळेला पत्र लिहायला हवं होतं. शेवटी मीच जाऊन बसले, दोन तास. तिसरं, इंग्रजी इथे घेत नाहीत. आपल्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी असतं, तेव्हा ती बाजू उघडीच राहते. ताईंचं म्हणणं, आधी एक भाषा उभी राहू दे. ते मला कळतं, पण पाचवी जवळ येते आहे. आणि बसायला जागा नाही. पावसाळ्यात आम्ही आज्या-आया बंगल्याच्या पडवीत छत्र्या धरून उभ्या असतो.

वाचनसाहित्याचं दुखणं ताईंचं नाही, आपल्या भाषेचं आहे. एकही जोडाक्षर नसलेली, पण नऊ वर्षांच्या मुलाला बाळबोध वाटणार नाही अशी गोष्ट मराठीत शोधून पाहा. ताई स्वतः लिहितात आणि झेरॉक्स काढून देतात. मनूला सगळ्यात आवडलेली गोष्ट एका कंडक्टरची आहे. दीड पानाची, तीत एकही वेलांटी नाही की जोडाक्षर नाही, त्यामुळे त्यात त्याला "कंडक्टर" न म्हणता "वाहक" म्हटलं आहे. (मी ताईंना आणखी चार गोष्टी लिहून दिल्या आहेत. जोडाक्षर टाळून लिहायला बसलं की आपली भाषा किती गुंफलेली आहे ते कळतं.)

प्रमाणपत्राबद्दल लोक नेहमी विचारतात. हा वर्ग प्रमाणपत्र देत नाही, कोणताच खासगी वर्ग देऊ शकत नाही, देतो म्हणाला तर उठून या. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ही मुलं नव्हती. २०१६ च्या कायद्याने एकवीस केले, तेव्हा विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आली. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, असं ठरलं होतं. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जास्त मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. सूनबाईला भीती होती की 'दिव्यांग' शब्द पोरीच्या कपाळी बसेल. आम्ही बरंच बोललो. मनूलाच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वीस मिनिटं जास्त मिळाली तर मी शेवटचा प्रश्न वाचीन तरी." अर्ज केला.

ज्यांचं मूल आजारपणामुळे किंवा शाळा बदलल्यामुळे मागे पडलं आहे, त्यांना या वर्गाची गरज नाही, चांगली शिकवणी पुरेल. घटक चाचणीत गुण वाढावेत म्हणून येणार असाल तरी नका येऊ, पहिले सहा महिने गुण हलत नाहीत. मनूचे हलले नाहीत. हललं ते वेगळं: दिवाळीनंतर तिने सकाळी पोट दुखतं म्हणायचं सोडलं.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो डिसेंबरचा आणि शाळेला न लिहिलेल्या पत्राचा.

जागा सध्या नाही, थांबावं लागतं, साधारण तीन महिने. ताई फोन दुपारी एक ते दोन या वेळेतच घेतात. आणि पहिल्या भेटीला जाताना मुलाच्या जुन्या वह्या घेऊन जा. आम्ही नवी वही नेली होती, सुंदर अक्षरात बघून लिहिलेली. ताईंनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "श्रुतलेखनाची आहे का? खाडाखोड असलेली?" ती वही सूनबाईने लाजेने माळ्यावर टाकली होती. घरी जाऊन आणावी लागली.